विद्यापीठाच्या वाय-फायला लिनक्स जोडताना : ५ ऑगस्ट ते ११ नोव्हेंबर

पीएच.डी.साठी ५ ऑगस्ट २०२४ रोजी, सोमवारी, मी पुण्यातील एका शिक्षणसंस्थेत रुजू झाले. त्या दिवशी दुपारी खोलीची किल्ली, गादीची पावती आणि ‘नेटवर्क खाते मागणी अर्ज’ अशा तीन गोष्टी माझ्या हातात पडल्या. पहिल्या दोन गोष्टी संध्याकाळपर्यंत मार्गी लागल्या; तिसरीला चार आठवडे लागले आणि तिचा शेवटचा धागा दिवाळीनंतर सुटला. या चार आठवड्यांत मी अनेकदा रडकुंडीला आले होते. कोणी तरी मराठीत हा सगळा क्रम लिहून ठेवलेला असता तर माझे निम्मे दिवस तरी वाचले असते, असे तेव्हा सतत वाटत होते, म्हणून तो आता लिहीत आहे.

माझे शिक्षण भाषाविज्ञानाचे आहे, संगणकाचे नाही. जुन्या मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करायची, त्यांतील मजकूर ओसीआरने (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) काढायचा आणि त्यातील वाक्यरचनेचा अभ्यास करायचा, असे माझे काम आहे. त्यासाठी भावाचा २०१७ सालचा लॅपटॉप मिळाला होता. त्यातील मूळ कार्यप्रणाली सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटे लागत असल्याने जुलै महिन्यात सांगलीला घरी असताना भावाने त्यावर फेडोरा ४० ही लिनक्सची आवृत्ती बसवून दिली. लॅपटॉप एकदम हलका झाला. घरचे वाय-फाय नाव निवडून पासवर्ड टाकताच जोडले गेले, त्यामुळे वाय-फायची अडचण येईल असे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

अर्ज दोन पानी होता. त्यावर मार्गदर्शकांची आणि विभागप्रमुखांची सही, ओळखपत्राची छायाप्रत आणि जास्तीत जास्त दोन उपकरणांचे मॅक पत्ते द्यायचे होते. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक नेटवर्क-कार्डाला कारखान्यातच मिळालेला बारा अंकाक्षरांचा क्रमांक, एवढे मला ठाऊक होते. लॅपटॉपचा क्रमांक मी ३ ऑगस्टला घरी असतानाच वाय-फायच्या सेटिंगमधून पाहून वहीत उतरवून ठेवला होता; तोच अर्जात भरला. ही माझी पहिली चूक होती, पण ती चूक आहे हे कळायला १५ दिवस जावे लागले. ६ तारखेला अर्ज दिला, ‘तीन कामकाजाचे दिवस’ असे सांगण्यात आले, आणि ९ ऑगस्टला, शुक्रवारी, खात्याचे नाव, तात्पुरता पासवर्ड आणि एक छापील माहितीपत्रक ठरल्याप्रमाणे मिळाले.

माहितीपत्रकाप्रमाणे फोन पाच मिनिटांत जोडला गेला. फोनसाठी त्यात एक सूचना ठळक अक्षरांत होती : ‘प्रायव्हसी या पर्यायात यादृच्छिक मॅक न ठेवता उपकरणाचा मॅक निवडावा.’ मी ती सूचना फोनवर पाळली आणि विसरून गेले. लिनक्ससाठी पत्रकात काहीच नव्हते, म्हणून फोनच्याच नोंदी लॅपटॉपवर केल्या : सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ, पद्धत प्रोटेक्टेड ईएपी म्हणजे पीईएपी, आतली पद्धत एमएसचॅप-व्ही२, आणि प्रमाणपत्राच्या जागी ‘प्रमाणपत्राची गरज नाही’ या चौकोनावर खूण. जोडणीचे चक्र अर्धा मिनिट फिरले आणि पुन्हा पासवर्ड विचारणारी खिडकी समोर आली. मी पासवर्ड परत टाकला. परत चक्र, परत तीच खिडकी.

त्या शनिवार-रविवारी मी किमान ४० वेळा तो पासवर्ड टाकला असेन. दोनदा फोनवरून तो बदलून पाहिला; एकदा त्यातील विशेष चिन्हे काढून टाकली, कारण ती लिनक्सला चालत नसावीत असे कोणी तरी सुचवले होते. शेवटी लॅपटॉपचे कार्डच जुने झाले असणार असे ठरवून शनिवारी संध्याकाळी तापकीर गल्लीत जाऊन ६५० रुपयांचा यूएसबी वाय-फाय डोंगल आणला. तो लावल्यावरही पासवर्डची तीच खिडकी आली. नवे कार्ड लावूनही अडचण जशीच्या तशी राहते, याचा अर्थ दोष कार्डात नाही, एवढे त्यावरून कळले. पण तेच निदान वसतिगृहात कोणाचा डोंगल तासाभरासाठी मागून घेतला असता तरी झाले असते. तोपर्यंत काम चालवायला फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट वापरत होते. लिनक्सवर त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की झाले. पहिल्या दिवसापासून ही केबल जवळ असू द्यावी, कारण इंटरनेट दुरुस्त करायलाच इंटरनेट लागते. त्या महिन्यात जादा डेटावर माझे ४१२ रुपये गेले.

सोमवारी, १२ ऑगस्टला, संगणक केंद्रात गेले. खिडकीवरचे गृहस्थ सौजन्याने बोलले. त्यांनी माझे खाते उघडून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, खातं चालू आहे. चुकीच्या पासवर्डची एकही नोंद दिसत नाही. फोन चालतोय ना? मग आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. लिनक्सला आमच्याकडे सपोर्ट नाही.” ४० वेळा पासवर्ड नाकारला गेला असताना एकही नोंद नाही, हे ऐकून माझी टाळाटाळ होते आहे असे मला वाटले आणि मी काहीशी चिडूनच बाहेर पडले. वास्तविक त्या एका वाक्यात निम्मे उत्तर होते. केंद्राकडे चुकीच्या पासवर्डची नोंद नव्हती, कारण माझा पासवर्ड केंद्रापर्यंत पोचलाच नव्हता. तो लॅपटॉपच्या बाहेर पडण्याआधीच बोलणी फिसकटत होती आणि नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम त्याचा अर्थ ‘पासवर्ड चुकला असावा’ असा लावून मला पुन्हा पुन्हा विचारत होता. पासवर्डची खिडकी पुन्हा येणे म्हणजे पासवर्ड चुकणे नव्हे, एवढे जरी वाचकांनी लक्षात ठेवले तरी त्यांचा शनिवार-रविवार वाचेल.

हे कसे कळले ते सांगते. १४ ऑगस्टच्या रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्याने, मी निवांत बसून ही यंत्रणा कशी चालते ते वाचून काढले. घरच्या वाय-फायला सर्वांचा मिळून एकच पासवर्ड असतो. संस्थेच्या वाय-फायमध्ये प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि त्याची तपासणी ८०२.१एक्स या २००१ सालच्या मानकाप्रमाणे तिघांत होते. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम प्रवेश मागतो, छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट दारात उभा राहून निरोप आत-बाहेर पोचवतो, आणि निर्णय आतला रेडियस सर्व्हर घेतो. लिनक्समध्ये प्रवेश मागणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ आहे. सप्लिकंट म्हणजे याचक. भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला हे नाव फार आवडले आणि सगळी रचना त्या एका शब्दाने डोक्यात पक्की बसली. पीईएपी पद्धतीत याचक आणि सर्व्हर आधी टीएलएसचा, म्हणजे संदेश सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीचा, एक सुरक्षित बोगदा तयार करतात आणि बोगदा पूर्ण झाल्यावरच खात्याची तपासणी त्यातून होते. बोगदा झाला नाही तर पासवर्डचा प्रश्नच उद्भवत नाही.

या याचकाची रोजनिशी लिनक्समध्ये कोणालाही वाचता येते. टर्मिनल (आज्ञा टंकित करायची खिडकी) उघडून ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ या सेवेपुरती चालवायची, नव्या ओळी येतील तशा दाखवत राहण्याचा पर्याय द्यायचा, आणि मग शेजारच्या खिडकीतून वाय-फाय जोडायचा प्रयत्न करायचा. मी तसे केले तेव्हा आठ-दहा ओळी सरकल्या. पहिल्यांदा ईएपी, म्हणजे ओळख पटवण्याची बोलणी, सुरू झाल्याची नोंद. मग सर्व्हरने ‘मेथड २५’ सुचवल्याची नोंद, आणि २५ म्हणजे पीईएपी, म्हणजे माझी निवड बरोबर होती. त्यानंतर लगेच ‘एसएसएल रूटीन्स : अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ अशी ओळ आणि शेवटी ‘ईएपी ऑथेंटिकेशन फेल्ड’. सहा दिवस ज्या गोष्टीसाठी मी कार्डाला, पासवर्डाला आणि स्वतःला दोष देत होते ती या एका ओळीत लिहिलेली होती. रात्रीचे दीड वाजले होते आणि मला एकदम हायसे वाटले. अडचण सुटली नव्हती, पण तिला नाव मिळाले होते.

त्या ओळीचा अर्थ असा. बोगदा बांधण्यासाठी आमच्या सर्व्हरला टीएलएसची १.० ही आवृत्तीच येत होती. ती जानेवारी १९९९ मधील आहे, १.२ ही आवृत्ती २००८ मध्ये आली, आणि मार्च २०२१ मध्ये १.० व १.१ या दोन्ही अधिकृतपणे मोडीत काढण्यात आल्या. फेडोराने तर ऑक्टोबर २०२० मधील ३३व्या आवृत्तीपासूनच १.२ पेक्षा जुन्या टीएलएसला आपल्या सर्वसाधारण धोरणात मज्जाव केला आहे. फोन अजून जुन्याशी जमवून घेत होता, माझा लॅपटॉप घेत नव्हता. म्हणजे या टप्प्यावर नकार सर्व्हर देत नव्हता, माझा लॅपटॉपच देत होता आणि तो देण्यामागे सबळ कारण होते.

यावर दोन उपाय सापडले. पहिला उपाय म्हणजे फेडोराचे संपूर्ण सुरक्षाधोरण एका आज्ञेने ‘लेगसी’ करणे. तो सोपा आहे, पण त्याने ब्राउझरसह धोरण पाळणाऱ्या सर्वच प्रोग्रॅमांची दारे सैल होतात, आणि एका वाय-फायसाठी घरभर कड्या काढून ठेवणे मला पटले नाही. दुसरा उपाय त्या एका जोडणीपुरता आहे. ‘एनएमसीएलआय’ या आज्ञेने जोडणीच्या नोंदीत ‘८०२-१एक्स.फेज१-ऑथ-फ्लॅग्ज’ या गुणधर्माला ३२ हे मूल्य द्यायचे. ३२ म्हणजे ‘या जोडणीसाठी टीएलएस १.० चालू दे’. सेटिंगच्या खिडकीत हा पर्याय नाही, तो टर्मिनलमधूनच द्यावा लागतो, आणि त्यासाठी नेटवर्क मॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची १.४२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. फेडोरा ४० मध्ये ती आहे. १६ ऑगस्टच्या सकाळी मी हे केले, रोजनिशी उघडी ठेवली आणि जोडणीवर टिचकी मारली. ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ची ओळ गेली. बोगदा पूर्ण झाला. आणि तरीही शेवटी तेच ‘ईएपी ऑथेंटिकेशन फेल्ड’.

या वेळी मात्र मी खचले नाही, कारण आता नकार पलीकडून येत होता आणि पलीकडे त्याची नोंद असणारच होती. मंगळवारी, २० ऑगस्टला, रोजनिशीतल्या ओळी कागदावर छापून मी पुन्हा संगणक केंद्रात गेले आणि खिडकीवर ‘वाय-फाय चालत नाही’ असे न म्हणता, ‘आज सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी सर्व्हरने माझी विनंती नाकारली आहे, त्याचे कारण पाहता येईल का’ असे विचारले. त्या एका बदलाने सगळेच बदलले. खिडकीवरच्या गृहस्थांनी मला आत सिस्टिमचे काम पाहणाऱ्या सरांकडे पाठवले. सरांनी नोंदी काढल्या, पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, “हे बघा, पासवर्ड बरोबर आहे. पण हा मॅक पत्ता तुमच्या नावावर नाहीये.”

पडद्यावरचा क्रमांक ‘७ई’ने सुरू होत होता. माझ्या अर्जावरचा क्रमांक ‘डी६’ने सुरू होत होता. मी तिथेच लॅपटॉप उघडून ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली, तर वाय-फाय कार्डाच्या ओळीत दोन क्रमांक दिसले : आधी पडद्यावरचा ‘७ई’ आणि त्याच ओळीच्या शेवटी ‘पर्मॲडर’ (कायमचा पत्ता) या शब्दापुढे तिसराच, ‘९४’ने सुरू होणारा. लॅपटॉप उलटा करून त्यावरची फिकी पडलेली चिकटपट्टी पाहिली. तिच्यावर ‘९४’ होता. सरांनाही याचे आश्चर्य वाटले आणि आम्ही दोघांनी मिळून शोधले तेव्हा उलगडा झाला. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या फेडोरा ४० पासून खासगीपणा जपण्यासाठी एक नवी पद्धत लागू झाली आहे : लॅपटॉप प्रत्येक वाय-फायच्या नावासाठी एक वेगळा, पण त्या नावापुरता कायम राहणारा मॅक पत्ता तयार करतो. मी सांगलीला वहीत उतरवलेला क्रमांक हा आमच्या घरच्या वाय-फायपुरता तयार झालेला होता. वसतिगृहात तो कधीच दिसणार नव्हता. फोनसाठी जी सूचना माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापली होती, तीच लॅपटॉपलाही लागू होती. पण लॅपटॉप असे करील अशी कोणाचीच कल्पना नव्हती.

सरांनी या वेळी एक खूण शिकवली, ती मला फार उपयोगी वाटते. मॅक पत्त्याचे दुसरे अंकाक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता संगणकाने स्वतः तयार केलेला आहे असे समजावे. ‘डी६’ आणि ‘७ई’ दोन्ही त्यात बसतात. ‘९४’ बसत नाही. अर्ज भरताना ही एक नजर टाकली असती तर सगळे तेव्हाच उघड झाले असते.

उपाय दोन मिनिटांचा होता : वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या ‘आयडेंटिटी’ या पानावर ‘क्लोन्ड ॲड्रेस’ पुढे ‘परमनंट’ निवडायचे, म्हणजे तेवढ्या जोडणीसाठी कारखान्याचा पत्ता वापरला जातो. घरच्या आणि बाहेरच्या इतर जोडण्यांना मी मुद्दाम हात लावला नाही, कारण रेल्वे स्थानकावर किंवा उपाहारगृहात आपला खरा क्रमांक जाहीर करत फिरण्याची काही गरज नाही. वेळ लागला तो कागदाला. मॅक पत्त्यात बदल करायचा तर नवा अर्ज, त्यावर पुन्हा मार्गदर्शकांची सही, आणि मार्गदर्शक बाई एका मौखिक परीक्षेसाठी नागपूरला गेलेल्या. मधे गोकुळाष्टमीची सुट्टी. २८ ऑगस्टला, बुधवारी, अर्ज दिला गेला. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी कोऱ्या अर्जाची एक जादा प्रत सहीसह आधीच करून ठेवता येते का ते विभागात विचारून पाहावे. आमच्याकडे तसे चालत नाही, काही ठिकाणी चालते असे ऐकले.

त्याच २० तारखेच्या भेटीत मी सरांना आणखी एक गोष्ट मागितली, आणि तिच्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ती म्हणजे सर्व्हरचे प्रमाणपत्र. ‘प्रमाणपत्राची गरज नाही’ या चौकोनावर खूण करा, असे सगळेच सांगतात. मीही ती केली होती. पण ती खूण म्हणजे समोरचा सर्व्हर आपल्या संस्थेचाच आहे का हे न विचारता त्याच्याशी बोलणी सुरू करणे. कोणीही वसतिगृहाच्या कट्ट्यावर बसून त्याच नावाचे खोटे वाय-फाय उभे करू शकतो, आणि खूण केलेला लॅपटॉप त्याच्याशीही बोगदा बांधतो. त्या बोगद्यातून जाणारी एमएसचॅप-व्ही२ ही पद्धत पुरेशी मजबूत नाही, हे २०१२ सालीच मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी डेफकॉन परिषदेत दाखवून दिले आहे. तिचा भेद डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या एका किल्लीच्या शोधावर येऊन ठेपतो, आणि ते काम त्या वेळीही दिवसभरात होत होते. आमच्याकडे हाच पासवर्ड ई-मेलला, गुणपत्रिकांना आणि ग्रंथालयालाही लागतो. सरांनी प्रमाणपत्राची फाइल पेनड्राइव्हवर दिली, सर्व्हरचे पूर्ण नाव कागदावर लिहून दिले, आणि मी फाइल प्रमाणपत्राच्या जागी, नाव ‘डोमेन’च्या जागी भरून ती खूण काढून टाकली. या कामाला एकही रुपया लागला नाही आणि ते नाकारण्याचे कोणाला काही कारणही नव्हते. फक्त याआधी कोणी मागितले नव्हते, असे सर म्हणाले.

२ सप्टेंबरला, सोमवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास नोंद बदलल्याचा ई-मेल आला. खोलीवर येऊन जोडणीवर टिचकी मारली आणि रोजनिशीत प्रथमच ‘ईएपी सक्सेस’ ही ओळ दिसली. मी ती शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावून दाखवली.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. ई-मेल उघडत होता, सगळी संकेतस्थळे उघडत होती, पण आमच्या विभागाची स्कॅन केलेली पाने ज्या यंत्रावर ठेवली आहेत, नेमके तेच उघडत नव्हते. फोनवरून उघडत होते, लॅपटॉपवरून नाही. पुन्हा संगणक केंद्राकडे धाव घेण्याआधी मी या वेळी स्वतः पाहायचे ठरवले. त्या यंत्राचा पत्ता १७२.१७ ने सुरू होतो. ‘आयपी रूट गेट’ आणि त्यापुढे तो पत्ता, अशी आज्ञा दिली की त्या पत्त्याकडे जाणारे माहितीचे पाकीट लॅपटॉपच्या कोणत्या दाराने बाहेर पडेल ते कळते. उत्तरात वाय-फाय कार्डाचे नाव यायला हवे होते, आले ‘डॉकर०’.

ओसीआरचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी भावाने लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवणारी प्रणाली) बसवून दिले होते. डॉकर आपल्या आतल्या कामासाठी एक अंतर्गत जाळे तयार करते आणि वेगळे काही सांगितले नाही तर त्यासाठी १७२.१७.०.० पासूनचे सगळे ६५,५३६ पत्ते आपल्याकडे घेते. हे पत्ते १९९६ पासून खासगी वापरासाठी मोकळे ठेवलेल्या पत्त्यांपैकीच आहेत, त्यामुळे आमच्या संस्थेने तेच वापरले यात संस्थेची चूक नाही आणि डॉकरचीही नाही; पण दोघांनी एकच पत्ता घेतला की पाकीट लॅपटॉपच्या आतच फिरत राहते. डॉकरच्या ‘डेमन.जेसन’ या फाइलमध्ये ‘बीआयपी’ या शब्दापुढे १९२.१६८.२००.१/२४ असा दुसरा पत्ता लिहिला आणि डॉकर बंद करून पुन्हा चालू केले. ५ सप्टेंबरच्या संध्याकाळी विभागाचे यंत्र उघडले, मी ११० पाने उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गणपतीसाठी सांगलीच्या गाडीत बसले.

सुट्टीवरून परतल्यावर खालच्या मजल्यावरची एम.ए.ची एक मुलगी आली आणि म्हणाली, “ताई, तुमचं लिनक्स लागलं म्हणे, माझं बघता का?” तिच्या लॅपटॉपवर मी माझी सगळी सूत्रे लावून पाहिली, काहीच लागू पडेना. शेवटी रोजनिशी वाचली तर ‘प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही’ अशा अर्थाची ओळ होती. लॅपटॉपच्या घड्याळात २०१५ साल होते. आतला नाण्याएवढा सीआर-२०३२ सेल संपल्याने लॅपटॉप बंद केला की वेळ मागे जात होती. ५० रुपयांचा सेल बदलला आणि काम झाले. तिच्या आणि माझ्या पडद्यावर दिसणारी खिडकी मात्र अगदी एकच होती : पासवर्ड पुन्हा टाका.

ऑक्टोबरमध्ये एका चर्चासत्रासाठी दुसऱ्या संस्थेत जाणे झाले. तिथे एड्युरोम होते. हीच ८०२.१एक्सची यंत्रणा, पण आपल्या संस्थेचे खाते जगभरच्या सहभागी संस्थांत चालावे अशी तिची रचना आहे. नेदरलँड्समधील सर्फनेट या संस्थेचे क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली आणि भारतात तिचे काम अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे चालवणारी संस्था पाहते. तिथल्या एका संशोधक मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपची जोडणी कशी केली ते दाखवले. तिच्या संस्थेच्या नावाने एड्युरोमच्या संकेतस्थळावरून पायथनची एक छोटी फाइल उतरवायची, ती चालवून आपले खाते द्यायचे, की प्रमाणपत्र, सर्व्हरचे नाव आणि पद्धत हे सगळे ती स्वतःच योग्य जागी भरते. ज्यांच्या संस्थेत एड्युरोम आहे त्यांनी हाताने काहीही न भरता आधी ही फाइल वापरावी. आमच्या संस्थेत ते अजून नाही.

१८ सप्टेंबरला मी संगणक केंद्राला एक अर्ज दिला होता. त्यात तक्रारीचा सूर नव्हता; रोजनिशीतली ती ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ची ओळ, टीएलएस १.० मोडीत निघाल्याचे वर्ष, आणि नव्या आवृत्त्या घेणाऱ्या प्रत्येक लिनक्स वापरणाऱ्याला हीच अडचण येणार असल्याची विनंतीवजा नोंद, एवढेच होते. मार्गदर्शकांनी त्यावर शिफारस लिहिली. पोच मिळाली आणि मग दीड महिना काही कळले नाही. ३२ चे ते मूल्य जोडणीत तसेच होते आणि ते मला दररोज खटकत होते, कारण ते ठेवणे म्हणजे आपणच आपल्या लॅपटॉपला एक जुने, कमकुवत कुलूप चालवून घ्यायला लावणे होते.

११ नोव्हेंबरला, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सर्वांना एक ई-मेल आला. सुट्टीच्या काळात रेडियस सर्व्हर नवा बसवला आहे, सोबत नवे प्रमाणपत्र आणि त्याचा ठसा (ते खरे आहे का हे ताडून पाहण्याचा क्रमांक) जोडला आहे, आणि मॅक पत्त्याविषयीची फोनसाठीची सूचना लॅपटॉपनाही लागू आहे, असे त्यात लिहिले होते. मी नवे प्रमाणपत्र भरले, त्याचा ठसा ई-मेलमधल्या ठशाशी एकेक अंकाक्षर ताडून पाहिला, टर्मिनल उघडून ३२ च्या जागी ० लिहिले आणि जोडणी एकदा तोडून पुन्हा केली. चक्र तीन-चार सेकंद फिरले, आणि वाय-फाय जोडले गेले.